पौलाने विचारले, मग आपण का नाही?

"जो खरा आहे त्याला भ्यायचे काय कारण?" मागच्या वर्षभरात हे वाक्य आमच्या कानावर पुन्हा पुन्हा आले. बांगलादेशी म्हणून कुठे माणसे पकडल्याची बातमी आली की मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कोणीतरी मोबाइल पुढे करतो आणि हे म्हणतो. त्याच्या जोडीला आणखी दोन वाक्ये असतात. एक, "अटकेच्या वेळचे हक्क शिकवणे म्हणजे राजकारण, धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याचे काय काम?" आणि दुसरे, "रोमकरांस पत्र, तेरावा अध्याय वाचा. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, विषय संपला."

ही तिन्ही वाक्ये ऐकायला भक्तीची वाटतात. आमचे म्हणणे असे की तिन्ही चुकीची आहेत, आणि त्यांची चूक दाखवायला पवित्र शास्त्राच्या बाहेर जावे लागत नाही.

ज्याने रोमकरांस पत्र लिहिले त्याच पौलापासून सुरुवात करू. प्रेषितांच्या कृत्यांचे २१ आणि २२ हे दोन अध्याय सलग वाचा. यरुशलेमच्या मंदिरात गोंधळ होतो, रोमी सरदार येतो आणि आधी पौलाला दोन साखळ्यांनी बांधायला सांगतो. हा कोण, याने काय केले, ते तो नंतर विचारतो. पौल त्याच्याशी ग्रीक भाषेत बोलतो तेव्हा सरदार चकित होतो. त्याने पौलाला बंड करून पळालेला एक मिसरी माणूस समजले होते! म्हणजे पौलाची ही अटक चुकीच्या ओळखीवर झाली, आणि तो संशय फिटायला कारण झाली ती भाषा. पुढे फटके मारून चौकशी करण्याचा हुकूम होतो. वाद्यांनी बांधलेला पौल शेजारी उभ्या शताधिपतीला एकच प्रश्न विचारतो: दोषी ठरवल्याशिवाय रोमी नागरिकाला फटके मारणे कायद्याला धरून आहे काय? त्या एका प्रश्नाने हात थांबले. सरदार स्वतः घाबरला.

पौलाने शिवी दिली नाही, पळ काढला नाही, लाच दिली नाही, खोटे बोलला नाही. त्याने कायदा विचारला. आणि हा प्रश्न त्याला फटके बसण्याआधी सुचला, हेही पाहा. सोळाव्या अध्यायात, फिलिप्पै येथे, तसे झाले नव्हते. तिथे त्याला आणि सीलाला चौकशीशिवाय छड्या मारल्या, तुरुंगात खोड्यात अडकवले, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून देतो म्हणाले. तेव्हा पौलाने नागरिकत्व सांगितले आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे असा आग्रह धरला. अधिकारी आले, विनवणी केली. पण तोवर पाठ फुटली होती. हक्क आधी माहीत असणे आणि नंतर कळणे यात केवढे अंतर असते ते या दोन प्रसंगांत आहे. आमचा सगळा वाद त्या अंतराबद्दल आहे.

आता कोणी म्हणेल, पौल तर खरोखरच नागरिक होता, परक्याची गोष्ट वेगळी. बंधुभगिनींनो, ज्या क्षणी त्याला बांधले त्या क्षणी तो नागरिक आहे हे कोणालाच माहीत नव्हते. सरदाराच्या लेखी तो मिसरीच होता. विचारायला आणि सांगायला जागा राहिली म्हणून खरे काय ते कळले. "घुसखोराला कसले हक्क?" असे म्हणून ती जागा बंद केली तर सर्वांत आधी बुडतो तो नागरिक, कारण आपण घुसखोर नाही हे सांगायला त्याला कोणी समोरच उभे करत नाही.

२०२५ साली आपल्या देशात नेमके हेच घडले. मे महिन्यात केंद्रीय गृहखात्याने बांगलादेश व म्यानमारचे नागरिक असल्याचा संशय असलेल्यांची पडताळणी ३० दिवसांत करा असे राज्यांना कळवले. जूनमध्ये मीरा रोडला काम करणाऱ्या, पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातील एका गवंड्याला पोलिसांनी ताब्यात घेतले. घरच्यांनी गावाहून कागदपत्रे पाठवली. तरीही त्याला सीमेपलीकडे ढकलून देण्यात आले, आणि मग तो भारतीय असल्याचे मान्य होऊन त्याला परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीहून बीरभूम जिल्ह्यातील एका गरोदर बाईला, तिच्या नवऱ्याला आणि लहान मुलाला असेच पलीकडे पाठवले. तिथल्या पोलिसांनी बेकायदा शिरलेले भारतीय म्हणून त्यांना तुरुंगात टाकले. इकडे बांगलादेशी, तिकडे भारतीय! २६ सप्टेंबर २०२५ रोजी कोलकाता उच्च न्यायालयाने ती हकालपट्टी रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ती बाई मुलासह परत आली तेव्हा डिसेंबर उजाडला होता. आपण चर्चमध्ये आगमनकाळाच्या मेणबत्त्या लावत होतो. दिवस भरत आलेल्या मरियेला कैसराच्या नावनोंदणीसाठी घर सोडून जावे लागले हे आपण त्याच आठवड्यांत वाचत होतो. दोन्ही गोष्टी आपल्या मनात एकमेकींशेजारी आल्या का?

या माणसांवर संशय का आला? ती बंगाली बोलत होती म्हणून. आता शास्ते या पुस्तकाचा बारावा अध्याय काढा. यार्देनेच्या उतारावर गिलादी पहारेकरी उभे आहेत. येणाऱ्या प्रत्येकाला एक शब्द म्हणायला लावतात: शिब्बोलेथ. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघाले तो एफ्राइमी, त्याला तिथेच मारायचे. शास्त्र सांगते, ४२,००० पडले. मारणारे आणि मरणारे दोघेही इस्राएलीच होते! आणि पेत्र? महायाजकाच्या वाड्यात लोकांनी त्याला ओळखले ते त्याच्या गालीली बोलीवरून.

भाषेवरून माणूस ओळखण्याचा धंदा सीमाभागातल्या आपल्याला कोणी शिकवायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपली आजी-आजोबांची पिढी घर न सोडता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. १९६७ च्या महाजन आयोगाने निपाणी आणि खानापूर इकडून तिकडे, बेळगाव इथेच, असा निवाडा सुचवला, तो महाराष्ट्राने मानला नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्यात आपले काय झाले? पुण्याला गेलो की आपले 'काय वो' आणि 'पण' च्या जागी येणारे 'खरं' ऐकून समोरचा विचारतो, "तुम्ही कानडी का?" बेंगळुरूला गेलो की आपली कन्नड ऐकून विचारतात, "महाराष्ट्राचे का?" गोव्यात मजुरीला गेलेली आपली पोरे घाटी ठरतात. आपल्याला याची किंमत दुकानाच्या पाट्या, शाळा, नोकरी यांत मोजावी लागली. देशाबाहेर मात्र कोणी ढकलले नाही, कारण आपल्या भाषेचा दुसरा देश नाही. बंगाली बोलणाऱ्याच्या भाषेचा दुसरा देश आहे, एवढाच फरक. या फरकावर आपण निवांत झोपायचे?

आणि निवांत झोपायला आधार तरी कुठे आहे? जानेवारी २०२० मध्ये बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात बांगलादेशींची वस्ती म्हणून मजुरांच्या झोपड्या जमीनदोस्त केल्या. त्यांत राहणाऱ्यांत आसाम, त्रिपुराची माणसे होती, आणि आपल्याच राज्याच्या उत्तर भागातून पोट भरायला गेलेली कन्नड माणसेही होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने पाडकामाला स्थगिती दिली, पण झोपड्या पडायच्या त्या पडल्याच होत्या. "जो खरा आहे त्याला भ्यायचे काय कारण" हे त्या माणसांना जाऊन सांगा.

आता कायदा काय म्हणतो ते सरळ पाहू.

आपल्या राज्यघटनेत काही हक्क नागरिकाला आहेत आणि काही 'व्यक्ती'ला. देशात कुठेही राहण्याचा, फिरण्याचा, व्यवसायाचा हक्क कलम १९ खाली नागरिकालाच आहे. पण कायद्यापुढे समानतेचे कलम १४, जीवित आणि स्वातंत्र्याचे कलम २१, आणि अटकेविषयीचे कलम २२ हे प्रत्येक व्यक्तीसाठी आहेत. १९९६ साली अरुणाचलातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम २१ चे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. १९९१ चा एक निकाल तर आपल्या ख्रिस्तसभेने विशेष लक्षात ठेवावा. १९३७ पासून भारतात राहिलेले परदेशी मिशनरी लुई डी रॅड यांना मुदतवाढ नाकारली गेली तेव्हा ते न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. परदेशी माणसाला इथे राहण्याचा मूलभूत हक्क नाही, त्याला जीविताचे आणि स्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असे म्हटले. ते हरले, पण नोटीस मिळाली, वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घेतले. ज्या धर्मपुढाऱ्यांच्या हातून आपल्या कित्येक शाळा आणि दवाखाने उभे राहिले त्यांना देश सोडायला सांगतानाही कायदा पाळावा लागतो, तर वीटभट्टीवरच्या मजुराला सांगताना का नाही?

तेव्हा कोण राहावे आणि कोण जावे हे ठरवण्याचा राज्याचा अधिकार आम्ही नाकारत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू आहे, आणि वैध कागदांशिवाय देशात शिरणाऱ्याला त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भारही त्या माणसावरच आहे, जसा जुन्या १९४६ च्या कायद्यातही होता. पण म्हणूनच तर त्याला बोलू द्यायला हवे! सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली त्याला सिद्ध करायला वेळ, वकील आणि न्यायाधीश नाकारायचा, हा कुठला न्याय? जुलै २०२४ मध्ये आसामातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की काही एक आधार हाती नसताना कोणाचेही दार ठोठावून 'तू परदेशी आहेस असा आम्हाला संशय आहे' असे म्हणता येत नाही. तो माणूस भारतीय ठरला. निकाल लागला तेव्हा मात्र तो हयात नव्हता.

पोलीस समोर आले तर काय? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात आणि घटनेत जे आहे ते आपल्या घरी काम करणाऱ्या, आपल्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाला सांगता येईल इतके सोपे आहे.

पळू नये, खोटे नाव सांगू नये, खोटा कागद दाखवू नये. "मला अटक केली आहे की मी जाऊ शकतो?" असे नम्रपणे विचारावे. 'अटक नाही, नुसती पडताळणी' या शब्दाखाली पुष्कळ काही झाकले जाते, म्हणून हा प्रश्न पहिला. अटक असेल तर कारण सांगावेच लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ते कारण लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावे. भाषेसाठी इतके भांडलेल्या आपल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. अटकेची खबर नातेवाइकाला, मित्राला किंवा तो माणूस नाव सांगेल त्याला द्यावी लागते. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. यातून घटनेने वगळले आहे ते शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेला. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. कोऱ्या कागदावर किंवा न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही-अंगठा देऊ नये. कोठडीतल्या माणसाला, बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. तो देण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि त्याचा फोन १५१०० आहे.

आणखी एक गैरसमज. "आधार आहे ना, मग झाले," असे आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. झाले नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही हे त्याच्या कायद्यातच लिहिले आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पॅन आणि मतदार ओळखपत्राबाबतही म्हटले की नुसत्या त्यांच्यावर कोणी नागरिक ठरत नाही. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक आहे. त्यानंतर जन्मलेल्याला आई किंवा बाप नागरिक असल्याचे दाखवावे लागते, आणि ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली. म्हणजे सगळे येऊन थांबते ते जन्माच्या, आईबापाच्या, शाळेच्या आणि जमिनीच्या कागदावर. आता सांगा, तुमच्या आईचा जन्मदाखला तुमच्या घरात आहे? नावांचे स्पेलिंग तरी सगळीकडे एक आहे? आमच्या धर्मग्रामात एकाच माणसाचे आडनाव कन्नड शाळेत एक, मराठी दाखल्यावर दुसरे आणि बाप्तिस्म्याच्या वहीत तिसरे अशी कितीतरी घरे आहेत. चर्चच्या त्या जुन्या नोंदवह्या एकट्याने नागरिकत्व सिद्ध करत नाहीत, पण कोण, कुठे, कधी, कोणाच्या पोटी, याला त्या आधार देतात. त्या वाळवीपासून वाचवणे आणि मागणाऱ्याला उतारा वेळेवर देणे हीसुद्धा सेवाच.

आता तेरावा अध्याय. अधिकारी देवाचा सेवक आहे असे पौल म्हणतो, आणि आम्ही ते मान्य करतो. पण सेवकाला मालकाचे नियम असतात. आपल्या देशात अधिकाऱ्याच्याही वर घटना आहे आणि अधिकारी तिचीच शपथ घेतो. पोलिसाला 'साहेब, कारण लेखी द्या' म्हणणारा माणूस अधिकाराविरुद्ध बंड करत नाही, तो अधिकाराला त्याच्या शपथेची आठवण देतो. फेस्तासारखा रोमी सुभेदारसुद्धा, २५ व्या अध्यायात, आरोपीला उत्तर देण्याची संधी मिळण्याआधी त्याला कोणाच्या हवाली करण्याची रोमी लोकांची रीत नाही असे सांगतो. परमेश्वराची आज्ञा तर त्याच्याही पुढे आहे: लेवीय २४ मध्ये देशात जन्मलेल्याला आणि उपऱ्याला एकच नियम. आपल्या जुन्या मराठी पवित्र शास्त्रात हा 'उपरी' शब्द किती वेळा येतो ते मोजत बसा, पानापानावर सापडेल.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले. त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. तेव्हा आपल्याकडे किती हळहळ झाली! बेकायदा गेले असतील, पण माणसे आहेत, असे आपणच म्हणालो. ते बरोबर होते. तिथल्या अनेक चर्चमध्ये परक्या मजुरांच्या हाती हक्क लिहिलेले लहान कार्ड देतात, आणि त्याचे आपल्याला कौतुक वाटले. तेच कार्ड आपल्या दारातल्या मजुराच्या हाती देणे हे राजकारण कसे होते?

हे विचारणाऱ्याला काय म्हणतात तेही आम्हाला ठाऊक आहे. योहानाच्या सातव्या अध्यायात निकदेम एवढेच विचारतो, की ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र माणसाला दोषी ठरवते काय? सोबत्यांनी त्याला उत्तर दिले नाही. तूही गालीली आहेस की काय, असे उलट विचारले. आज घुसखोरांचा कैवारी म्हणतात. पद्धत तीच आहे. निकदेम तेव्हा गप्प बसला असावा. पुढे प्रभूला वधस्तंभावर दिल्यावर तो गंधरस घेऊन आला, सुमारे शंभर शेर. पुरायला लागणारे सगळे त्याने आणले, पण वेळेवर उभा राहणारा माणूस कमी पडला.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. दृढीकरणाच्या वर्गात पौलाची ही दोन प्रकरणे शिकवताना शेजारी घटनेची कलमे २१ आणि २२ शिकवा. वर सांगितलेले नियम एका कागदावर मराठी, कन्नड आणि हिंदीत चर्चच्या फलकावर लावा. बांधकामावर, भट्टीवर, हॉटेलात काम करणारी झारखंड-ओडिशाची जी माणसे रविवारी मागच्या बाकावर बसतात आणि प्रसाद घेऊन निघून जातात त्यांना नावाने ओळखा. त्यांच्या कागदांच्या प्रती काढून त्यांच्या घरी पाठवायला मदत करा. एखाद्या वकिलाचा फोन धर्मग्रामाच्या कार्यालयात लिहून ठेवा.

आणि शेवटची गोष्ट. कोणालाही अटक करताना पोलिसांनी पंचनाम्यासारखा एक कागद करायचा असतो, अटकेचे टिपण. १९९६ साली डी. के. बसू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो सक्तीचा केला आणि आता संहितेतही तो आहे. त्यावर एका साक्षीदाराची सही लागते: घरच्या माणसाची, किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची. परमुलखातून आलेल्या मजुराच्या घरचे हजार मैलांवर असतात. मग उरतो तो प्रतिष्ठित माणूस. तो कोण? शाळामास्तर, चर्चचा सल्लागार मंडळाचा सभासद, पेन्शनर, दुकानदार, धर्मशिक्षक. म्हणजे आपणच. दर प्रार्थनासभेत आपण साक्ष देतो, डोळे मिटून, मोठ्या आवाजात. कायदा त्या टिपणावर एका साक्षीसाठी जागा मोकळी ठेवतो. तिथे सही करायला रात्री अकरा वाजता उठून पोलीस ठाण्यात जाणारा एक तरी माणूस आपल्या प्रत्येक धर्मग्रामात असला पाहिजे. कोण जाणार ते येत्या रविवारी ठरवून टाका.